गोरक्षनं निवडलेलं विमान

काष्टीत गोरक्षला आडनावानं कोणी ओळखत नाही. "पंपवाला गोरक्ष" म्हटलं की बाजारतळाच्या पलीकडचं पत्र्याचं दुकान कोणीही दाखवतं. पाठीवरचे फवारणी पंप, गवत कापायची यंत्रं, जे काही फटफटतं आणि ऐन वेळी बंद पडतं ते सगळं त्याच्याकडे येतं. वय चव्वेचाळीस. लग्न जमलं नाही. दहा मुली बघून झाल्या, दहाही ठिकाणी "नोकरी असती तर" हे ऐकून झालं, अकराव्या वेळी तो गेलाच नाही. बोलणं कमी. हात मात्र असे की इंजिनाचं झाकण उघडायच्या आधी नुसतं कानानं सांगतो, कुठं गळतंय.

मी त्याचा मास्तर. नगरच्या आयटीआयमध्ये अठ्ठावीस वर्षं मी डिझेल मेकॅनिकच्या पोरांना शिकवलं, म्हणजे मुख्यतः त्यांच्यावर ओरडलो. माझा स्वभाव तापट आणि तोंड त्याहून वाईट. हे मी पूर्वी ऐटीत सांगायचो.

गोरक्षच्या वर्षी सव्वीस जानेवारीला मी मैदानावर माझं रेडिओवर चालणारं विमान उडवलं होतं. बाकीची पोरं टाळ्या वाजवून जिलेबीच्या रांगेत पळाली. हा तिथंच उभा. विमान उतरल्यावर जवळ आला, इंजिनाच्या डोक्याला बोट लावलं, बोट भाजलं तरी काढलं नाही आणि म्हणाला, "सर, ह्याच्या प्लगची वायर कुठंय?" मी म्हटलं, वायर नसतेच. ह्याला ग्लो इंजिन म्हणतात. ठिणगी पडत नाही. प्लगमधली बारीक तार सुरुवातीला एका सेलनं तापवायची, इंजिन सुरू झालं की सेल काढून घ्यायचा. पुढं ती तार इंजिनाच्याच धगीनं लाल राहते. आधी त्याला हे पटेना. पटलं तेव्हापासून ते त्याच्या डोक्यातून गेलं नाही. सव्वीस वर्षं गेलं नाही.

मागच्या वर्षी पावसाळा संपता संपता तो नगरला, सावेडीत माझ्या घरी आला. केस पिकलेले, हातात पेरूची पिशवी. ओट्यावर चप्पल काढून उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आता एक इमान घ्यायचं म्हनतो. उसावर फवारनीला डरोन यायला लागलेत, पंपाचं काम तसंबी कमी हुनार हाय. हात रिकामे व्हायच्या आत एकदा उडवून बघायचं हाय."

मला इतका आनंद झाला की मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. थेट माळ्यावर नेलं. निवृत्तीनंतर मी तिथं नऊ विमानं टांगून ठेवली आहेत. देऊन टाकण्याजोगी त्यातली तीन. एक पांढरं फोमचं, बॅटरीवर चालणारं. दुसरं बाल्सा लाकडाचं, वर पंख असलेलं, ग्लो इंजिनाचं ट्रेनर, म्हणजे नवशिक्याचं विमान. तिसरं खाली पंख असलेलं, दिसायला लढाऊ, नवख्या माणसाच्या हातात दोन मिनिटं टिकलं तर नशीब. मी म्हटलं, ह्यातलं एक निवड, ते तुझं. मला आता मान वर करून बघवत नाही.

त्यानं निवडायला चार रविवार घेतले. गोरक्षचा बाप काष्टीच्या बैलबाजारात दलाली करायचा, आणि ते रक्त त्याच्यात होतंच. बाजारात जाणता गिऱ्हाईक आधी दात बघत नाही, आधी बैल चालवून बघतो. तसा हा प्रत्येक विमान हातावर तोलून चार पावलं चालायचा. नाक जड आहे का, शेपूट जड आहे का, बघायचा. पंखाची एकेक फासळी बोटानं दाबायचा. लढाऊ विमान त्यानं पहिल्याच रविवारी खाली ठेवलं. "हे मारकं हाय," म्हणाला. ट्रेनर मात्र त्याच्या हातातून सुटत नसे. पंख जाड, खालून सपाट, रिमोटची काडी सोडली तरी आपसूक सरळ होणारं. "शांत जनावर हाय, सर," असं म्हणून तो इंजिनाचा पंखा बोटानं फिरवायचा आणि आतला दाब ऐकायचा.

चौथ्या रविवारी आला तो निवड करून. फोमच्या विमानावर हात ठेवला.

"हे घेतो, सर. बॅटरीचं."

मला वाटलं, चेष्टा करतोय. "बॅटरीचं? अरे, घरात मिक्सर नाही का तुझ्या? त्यालाच पंख लाव."

तो हसला नाही. "वयनीनं निरोप दिलाय. म्हनली, सरांना सांग, वास येनारं काय बी घरात नको. दादानं सोडून वरीस झालंय."

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ श्रीमंत. आईबाप लवकर गेले, गोरक्षला त्यानंच वाढवलं. त्याहून खरं म्हणजे त्याच्या बायकोनं, दगडाबाईनं. ती लग्न होऊन आली तेव्हा हा सात वर्षांचा होता. श्रीमंतची तीस वर्षं साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत गेली. मळीपासून स्पिरिट काढतात तिथं. तिथल्या माणसाला पिण्यासाठी गुत्त्यावर जावं लागत नाही. निवृत्त झाला तेव्हा हात कापत होते आणि पोट फुगलं होतं. दगडाबाईनं त्याला दवाखान्यात नेलं, घरी आणलं, आणि पुढं वर्षभर त्याच्या सावलीसारखी वागली. तिला वाचता येत नाही. संध्याकाळी श्रीमंत पेपर वाचायचा आणि ती ऐकायची. दारू सुटल्यापासून रोजचा नेम झाला होता.

हे सगळं मला ठाऊक होतं. आणि तरी मी म्हणालो, "अरे, ह्याच्या इंधनात एरंडेल असतं. मिथेनॉल आणि एरंडेल तेल. कोण पिणार ते? प्यायलाच तर दोन दिवस परसाकडून उठायचा नाही."

"सर, वयनी म्हनली, वास येनारं काय बी नको." त्यानं निरोप पुन्हा सांगितला, तसाच, शब्द न बदलता.

"सव्वीस वर्षं ज्या इंजिनासाठी झुरलास ते सोडून खेळणं नेणार? ने. माझी हरकत नाही. पण मी शिकवायला येणार नाही."

मास्तरपुढं विद्यार्थी किती वेळ उभा राहणार? त्यानं फोमच्या विमानावरचा हात काढला. मी त्याला ट्रेनर दिलं, आणि मी जिंकलो.

इंधन मी नेहमी मिसळूनच देतो. त्यात लाल रंगही टाकतो, कोणाला पाणी वाटू नये म्हणून. गोरक्ष म्हणाला, तेल मी घालीन सर, आयुष्यभर तेच करतोय. मला ते आवडलं. कारागिराची ऐट आहे, म्हटलं. पाच लिटरचा पांढरा कॅन नुसत्या मिथेनॉलचा भरून दिला. पाण्यासारखं स्वच्छ. "विष आहे हे," एवढं मात्र मी बजावलं, आणि तेवढ्यानं माझं काम झालं असं मला वाटलं.

त्यानं कॅन घरी नेलाच नाही. वहिनीचा शब्द त्यानं आपल्या परीनं पाळला. दुकानात, मागच्या फळीवर, पोत्याखाली ठेवला. जानेवारीतला एक रविवार आम्ही उड्डाणासाठी ठरवला. आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, तो एरंडेल आणायला श्रीगोंद्याला गेला. बाजाराचा दिवस, दुकान बंद ठेवून चालत नाही, म्हणून श्रीमंतला बसवून गेला. जाताना सांगून गेला, "दादा, पोत्याखालच्या कॅनाला हात लावू नको. विष हाय."

पुढचं मला श्रीमंतनंच सांगितलं, नंतर, दवाखान्यातल्या खाटेवर छताकडे तोंड करून.

डिस्टिलरीत जे स्पिरिट प्यायचं नसतं त्यात घाण वासाचं औषध मिसळतात. ते कोणी चोरत नाही. चोरीचं भय असतं ते चांगल्या मालाला, म्हणून चांगल्या मालाच्या पिंपावर साहेब लोक लाल रंगानं कवटी काढून ठेवायचे. "तीस वर्सं बघितलंय मी. इष लिवलं म्हंजी माल नंबरी," श्रीमंत म्हणाला. त्यानं पोतं बाजूला केलं. डिस्टिलरीतली परीक्षा त्याला पाठ होती. तळहातावर चार थेंब घेऊन चोळले: गार लागलं, चटकन उडालं, मागं चिकट राहिलं नाही. वास घेतला: औषधाचा नाही. झाकणात थोडं घेऊन काडी लावली: धूर नाही, काजळी नाही. तिन्ही परीक्षांत पास. कारखान्यातल्या कोणत्याही जुन्या कामगारानं हेच केलं असतं आणि हेच म्हणाला असता. ऊस आणि मळी ह्यांच्यापलीकडं स्पिरिट असतं हे त्याला कोणी कधी सांगितलं नव्हतं. मला ठाऊक होतं, पण मी त्याच्याशी कधी बोललोच नव्हतो.

चहाच्या पेल्यानं दोन पेले. पाणी घालून. वर सुपारी. "चढलीच न्हाई म्हनावी तशी," म्हणाला. संध्याकाळी घरी जाऊन डोकं दुखतंय म्हणून पेपर न वाचता झोपला.

रविवारी सकाळी मी नगरहून गाडी घेऊन पोचलो तेव्हा नदीकाठच्या उसावर धुकं होतं. नऊ वाजेपर्यंत ते पार विरलं आणि आभाळ धुतल्यासारखं निघालं. गावाबाहेरच्या माळावर आम्ही तिघं: मी, गोरक्ष आणि श्रीमंत. धाकट्याचं विमान बघायला थोरला स्वच्छ टोपी घालून आला होता. चेहरा ओढलेला होता, पण त्याचा चेहरा मी आधी कधी नीट पाहिला होता?

इंधन मिसळताना गोरक्षनं कॅन उजेडात धरला. "सर, कमी झाल्यावानी दिसतंय."

"झाकण घट्ट लावलं नसशील. उडून जातं ते." मी घड्याळ बघत होतो.

त्यानं प्लगला सेल लावला, लाकडी दांडक्यानं पंखा फिरवला, आणि तिसऱ्या फेरीला इंजिन सुरू झालं. सेल काढला. इंजिन चालूच राहिलं. गोरक्षनं माझ्याकडे बघितलं तेव्हा तो अठरा वर्षांचा दिसत होता. ते तोंड मला अजून दिसतं, आणि आता त्यानं आनंद होत नाही.

मी विमान वर चढवलं. आमचे दोन रिमोट तारेनं जोडलेले होते. उंचीवर गेल्यावर बटण दाबून ताबा त्याच्याकडे दिला. हातात कसलीही घाई नाही. उसाच्या कडेनं डावीकडं एक वळण, मग दुसरं, मोठी गोल फेरी. चार रविवार हातावर तोललेलं विमान त्याला आतून माहीत होतं. "दादा, बघ! दादा, मीच चालीवतोय!" तो ओरडला. एवढ्या मोठ्यानं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"धुकं लई हाय रं," श्रीमंत म्हणाला. "आवाज येतोय. पर धुक्यात दिसंना."

"कसलं धुकं?" मी त्याच्यावर खेकसलो. "चष्मा आणायचा की येताना." आणि विमान उतरवल्यावर मी टाकी पुन्हा भरायला लावली. दुसरी फेरीही झाली. श्रीमंत आवाजाच्या मागं मान फिरवत राहिला, पण उशिरानं, विमान पुढं गेल्यावर. मग गुडघ्यावर बसला आणि ओकला. गोरक्ष धावला. श्रीमंतनं त्याचा हात धरायला हात पुढं केला तो गोरक्षच्या हाताच्या वीतभर बाजूला गेला.

तेव्हा मला कॅन आठवला.

दवाखान्यात तो पहिल्यांदा "काय बी पिलो न्हाई" म्हणाला. बायको समोर होती. मीच डॉक्टरांना सांगितलं. आम्ही माळावर जो वेळ घालवला त्यानं फार फरक पडला नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यांचं बोलणं मी रोज खरं मानायचा प्रयत्न करतो. मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ह्या विषावर त्यांच्या हाताशी असलेला उतारा म्हणजे दारू. खरी दारू पोटात गेली की शरीर आधी तिच्या मागं लागतं आणि मिथेनॉल तसंच पडून राहतं, तोवर मशिनवर रक्त धुवून घ्यायचं. नाकातल्या नळीनं द्यावी लागेल. घरच्यांची संमती हवी.

वर्षभर जिनं उंबऱ्याच्या आत वास येऊ दिला नव्हता, तिनं नवऱ्याला दारू द्यायच्या कागदावर अंगठा उठवला. बाटली आणायला गोरक्ष गेला.

श्रीमंत जगला. डोळे गेले.

तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात दगडाबाईनं गोरक्षला गाठलं. मी दोन पायऱ्या वर होतो. ती ओरडली नाही. "मी दिल्याला निरोप तू सरांना सांगितला हुतास का?" एवढंच विचारलं.

गोरक्षनं माझ्याकडे पाहिलं. पुरता एक क्षण पाहिलं. माझं तोंड, जे अठ्ठावीस वर्षांत एका पोरासमोर बंद राहिलं नाही, ते तिथं बंद राहिलं.

"न्हाई वयनी," तो म्हणाला. "इसरलो."

ती त्याच्या शेजारून खाली उतरून गेली.

त्या दिवसापासून गोरक्ष दुकानात राहतो. तिथंच झोपतो, खानावळीत जेवतो. विमान आढ्याला टांगलंय, त्यावर धूळ आहे. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचो. तो स्टूल पुसून द्यायचा, चहा मागवायचा. त्या विषयावर चकार शब्द नाही. एकदा मीच म्हटलं, "तू खोटं का बोललास?" कार्बोरेटरमधून मान वर न काढता म्हणाला, "तुमी सर हाय. अन् घेतलं तर मीच की." मी घरी आलो आणि स्वतःला समजावलं की त्याचीच तशी इच्छा आहे.

मग मी हे सगळं लिहायला घेतलं. वाटलं, कुठंतरी छापून येईल, काष्टीत पोचेल, तिला कळेल. पाच पानं झाल्यावर ध्यानात आलं. तिला वाचता येत नाही. तिला वाचून दाखवणारे घरात दोघंच होते. एकाला दिसत नाही आणि दुसऱ्याशी ती बोलत नाही. म्हणजे हे लिहिणंही पळून जाणंच होतं.

गेल्या मंगळवारी मी एसटीनं काष्टीला गेलो. दगडाबाई अंगणात ज्वारी निवडत बसली होती. भिंतीच्या उन्हात बाजेवर श्रीमंत झोपला होता. मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो.

"वहिनी, गोरक्षनं तुमचा निरोप मला दिला होता."

सुपातला हात थांबला.

"दोनदा दिला होता. त्यानं बॅटरीचंच विमान निवडलं होतं. मी ऐकलं नाही. मी त्याला हसलो आणि इंजिनाचं गळ्यात मारलं."

"जिन्यात तर तुमी हुता की."

"होतो."

"मंग?"

"भ्यालो."

शिव्या खायची माझी तयारी होती. खरं सांगायचं तर शिव्या हव्या होत्या. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. ज्वारीकडं बघत म्हणाली, "सात वर्साचा असल्यापास्नं त्यो माज्याशी कवा खोटं बोलला न्हाई. एकदाच बोलला. अन् मी नेमकं तेच खरं धरलं." सुपातला एक खडा वेचून टाकला आणि म्हणाली, "दिवाळीला दारात येऊन हुभा ऱ्हायला हुता. मी आत निघून गेले."

बाजेवरून श्रीमंतनं विचारलं, "कोन आलंय गं?"

ती उठली. सूप भिंतीला टेकवलं, हात झाडले आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडं पाहिलं. "जा. त्येला म्हनावं, वयनीनं जेवाया बोलावलंय. येवढा निरोप तरी नीट पोचवा."

मी चालत बाजारतळाकडं गेलो. गोरक्ष दुकानात पाठमोरा बसला होता, समोर एका पंपाचं इंजिन पूर्ण वेगात भणभणत होतं. मी उंबऱ्यात चप्पल काढली आणि निरोप सांगितला. त्या आवाजात त्याला काही ऐकू गेलं नाही. मी जवळ जाऊन पुन्हा सांगितलं, शब्द न बदलता. त्यानं इंजिन बंद केलं.